मदत हवी आहे: कॅप्सूल एंडोस्कोपीआधी पोट नीट साफ कसं करायचं? (आई, डायबेटिस)

आईचं हिमोग्लोबिन सारखं खाली येतंय. रक्त चढवलं की थोडे दिवस बरं, परत चेहरा पांढराफटक आणि जिना चढताना धाप. गॅस्ट्रोस्कोपी (जठराची दुर्बीण) झाली, कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची) झाली, दोन्हीत काही नाही, म्हणजे रक्त लहान आतड्यातून जात असणार म्हणून डॉक्टरांनी कॅप्सूल (गिळायची कॅमेऱ्याची गोळी) सांगितली. ती केली पण! आणि रिपोर्टात काय, तर जठरात फेस आणि अन्नाचे कण, कॅप्सूल जठरातच बराच वेळ अडकून राहिली, आणि पुढे आतड्यात काळपट पाणी, नीट दिसलं नाही. तयारी म्हणून आम्हाला तिथे एवढंच सांगितलेलं की रात्री दहानंतर काही खाऊ नका. एवढे पैसे गेले त्याहीपेक्षा आईला परत त्यातून जावं लागणार याचं फार वाईट वाटतंय.

आता दुसरीकडे करायची ठरलीय आणि ह्यावेळी काही राहून जायला नको. डॉक्टरांना भेटणार आहेच पण आधी नीट समजून घ्यायचंय म्हणजे प्रश्न विचारता येतील. पोट साफ करायची पावडर ह्याला पण लागते का? लोहाची गोळी चालू आहे, ती बंद करायची का? शुगरच्या गोळ्यांचं काय? आणि आदल्या दिवशी नेमकी एकादशी आहे, आई म्हणते उपासच तर आहे, साबुदाणा आणि भगर खाईन, ते चालेल का?

प्रतिसाद: मिरजकर_सिस्टर

ताई, मी एंडोस्कोपी युनिटला आहे, तुमच्यासारखे रिपोर्ट बघितले की जीव हळहळतो. आधी हे समजून घ्या की दुर्बिणीतून तपासताना डॉक्टर पाणी मारतात, हवा भरतात, घाण ओढून घेतात. कॅप्सूलला यातलं काही करता येत नाही. ती साधारण २६ मिमी लांब, ११ मिमी जाड, समोर जे येईल त्याचा फोटो काढत पुढे सरकते. फेस आला तर फेसाचे फोटो. म्हणून सगळी मदार तयारीवर.

लोहाची गोळी साधारण आठवडाभर आधी थांबवतात, तिच्यामुळे आतड्यात काळा थर राहतो आणि त्यात रक्त कुठलं आणि लोह कुठलं ते कळत नाही (सलाइनमधून लोह देत असतील तर तो प्रश्न नाही). इसबगोल आणि अ‍ॅसिडिटीची पांढरी पातळ औषधं चालू असतील तर तीही आधीच विचारून बंद करा.

साबुदाणा, भगर, शेंगदाणे अजिबात नाही!! आईंना सांगा एकादशी निर्जळी नको पण पाण्यावरची करा. आरपार दिसेल तेवढंच, म्हणजे शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा. दूध, ताक नाही. कोकम सरबत पण नाही, लाल रंग रक्तासारखा दिसतो.

पावडर बहुतेक ठिकाणी देतात, पीईजीची (पॉलिएथिलीन ग्लायकॉल, जुलाबाचं औषध), २ लिटर पाण्यात, आदल्या संध्याकाळी. गार करून एकेक ग्लास थोड्या थोड्या वेळाने द्या, घाई केली की उलटी होते. किडनीचा किंवा हार्टचा त्रास असेल तर हे आधीच सांगा. कॅप्सूल गिळायच्या आधी सिमेथिकोन देतात का ते मुद्दाम विचारा, फेस त्यानेच मोडतो. आणि गिळायच्या आधी साधारण १२ तास पोट रिकामं.

प्रतिसाद: वाईचा_पाटील

आमच्या वडिलांना पण शुगर आहे आणि त्यांचं पण जठरात अडकेल अशी भीती होती, कारण जुन्या डायबेटिसमध्ये जठर हळू रिकामं होतं. त्यांच्या डॉक्टरांनी गिळल्यावर तासाभराने छोट्या स्क्रीनवर बघितलं कॅप्सूल पुढे गेली का, नव्हती गेली तर जठर हलतं करायचं इंजेक्शन दिलं आणि मग गेली. तुम्ही ठरवतानाच विचारा ही सोय आहे का. गोळ्या-इन्सुलिनचे डोस दोन्ही दिवसांसाठी कागदावर लिहून घ्या, उपाशी पोटी नेहमीचा डोस घेतला तर शुगर धाडकन खाली येते. घरात ग्लुकोज पावडर ठेवा, पण साधी पांढरी, ऑरेंजवाली नको.

धागाकर्ती

दोघांचे खूप खूप आभार, इतकं नीट आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. लोहाची गोळी तर मागच्या वेळी सकाळपर्यंत चालू होती, कुणी विचारलंच नाही. आईला हार्टचा त्रास नाही, क्रिएटिनिन (किडनीची रक्त तपासणी) करून घेते. अजून एक, गिळल्यानंतर काय खायचं आणि आई नऊवारी नेसते, कॅप्सूलचे फोटो टिपणाऱ्या सेन्सरचा पोटावरचा पट्टा कसा बांधणार?

प्रतिसाद: मिरजकर_सिस्टर

त्या दिवशी गाऊन नको, साडी नको, सैल टॉप आणि पायजमा. पोटावर पावडर-तेल लावू नका, सेन्सर चिकटत नाहीत. गिळल्यावर २ तासांनी पाणी, ४ तासांनी हलकं काही, पण तुमचे डॉक्टर सांगतील तेच खरं, त्यातून शुगर आहे. झोपवून ठेवू नका, घरात चालू दे. आणि कॅप्सूल शौचातून पडलेली दिसेपर्यंत एमआरआय करायचा नाही. दोन आठवड्यांत दिसली नाही तर पोटाचा एक्स-रे. पोट दुखलं, फुगलं, उलट्या झाल्या तर मात्र वाट बघू नका, लगेच फोन करा.