मदत हवी आहे: काजूच्या हंगामात कणकवली ते तेरेखोल, ग्रॅव्हल सायकलने. जांभ्यावर टायर कसे टिकवायचे?

नमस्कार मंडळी,

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मी आणि माझी धाकटी बहीण कणकवलीहून निघून आतल्या कच्च्या वाटांनी गोव्याच्या हद्दीवरच्या तेरेखोलपर्यंत ग्रॅव्हल सायकलने, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीच्या रुंद टायरांच्या सायकलने, जायचं म्हणतोय. चार दिवस, मुक्काम नातेवाइकांकडे नाहीतर घरगुती खोल्यांवर. बाकी तयारी होत आली आहे, अडलंय ते जांभ्यापाशी, म्हणजे कोकणातल्या लाल खडकापाशी.

थोडं मागचं सांगते. गेल्या वर्षी द्राक्षांच्या खुडणीत आम्ही नाशिकला दिंडोरीच्या बाजूने तीन दिवस फिरलो. सुला या वाइन कंपनीची पहिली वाइन २००० साली आली, त्यानंतर त्या भागात वाइनसाठी द्राक्षं लावणारे वाढत गेले. बागांमधल्या गाडीवाटा काळ्या मातीच्या, थंडीत सुकून घट्ट झालेल्या. आमच्या ४० मिमीच्या टायरांना तीन दिवसांत एकही पंक्चर नाही. एका बांधावर डबा खाताना बहीण म्हणाली, "ताई, आपल्याकडे काजूचं फळ, बोंडू, झाडाखाली सडतो आणि तेरेखोलच्या पलीकडे त्याचीच फेणी, ती गोव्याची दारू, होते. हे सगळं आपण सायकलवरून कधी बघितलंच नाही." आमचं आजोळ कुडाळ तालुक्यातलं. लहानपणी बोंडवाच्या रसाचे डाग पडले म्हणून फ्रॉकवरून किती बोलणी खाल्लीत! तिचं म्हणणं मनात राहिलं.

म्हणून डिसेंबरात चाचणीसाठी कुडोपीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, गेलो. गवत सुकून गुडघ्याएवढं उभं होतं, त्यात कातळाची कड दिसलीच नाही. फस्स आवाज आला आणि माझं मागचं टायर बसलं. बघते तर रिमच्या जरा वर, बाजूच्या भिंतीला अंगठ्याच्या नखाएवढी चीर. सीलंट (टायरमधलं भोकं बुजवणारं द्रव) पोटरीवर उडत होतं आणि लाल धुळीत मिसळून त्याचा गेरूसारखा चिखल होत होता. चीर काही भरेना. चिरेत रबराचा प्लग घातला, तो चार पॅडलांत बाहेर. शेवटी आतून दहाची नोट घडी करून लावली आणि ट्यूब टाकली, तर ट्यूब चिरेतून बेडकाच्या गळ्यासारखी फुगून बाहेर यायला लागली. सहा किलोमीटर सायकल ढकलत आलो. वाटेत गुरं राखणाऱ्या एका आजोबांनी पाणी दिलं आणि म्हणाले, "गो बाय, ह्यो कातळ. हयसून चाकाची गाडी न्हेवची नाय." त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही, पण वाट सोडायचीही इच्छा नाही.

आमचा बेत असा: पहिल्या दिवशी कणकवली ते आचरा, वाटेत कुडोपी. दुसऱ्या दिवशी धामापूरच्या तलावावरून परुळे. तिसऱ्या दिवशी वेंगुर्ला. तिथल्या फळ संशोधन केंद्रात वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या काजूच्या जातींची झाडं बघायची आहेत, आमच्या आजोबांनी लावलेली कलमं तिथूनच आणलेली होती. चौथ्या दिवशी शिरोडा, रेडी, तेरेखोल आणि फेरीबोटीने नदीपलीकडे केरी.

माझं वजन ६४ किलो, सामान ८ किलो, मागे ४० पीएसआय हवा होती. टायर रुंद घ्यावं की हवा बदलावी? कुडोपीचा सडा सरळ टाळावा का? आणि गोव्यात पेडण्याच्या बाजूला काजूची दारू गाळायची भट्टी बघायला मिळेल का? प्यायला नकोय, काम बघायचंय. ताजा नीरो, म्हणजे बोंडवाचा न आंबलेला रस, मिळाला तर मात्र नक्की घेऊ.

— आंबोळी

---

आंबोळीताई, मी याच पट्ट्यात बारा वर्षं सायकल चालवतोय. तुमचं टायर हवेमुळे नाही, जागेमुळे कापलं.

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीनेसुद्धा तासता येतो. उघड्यावर वाऱ्या-उन्हात राहिला की त्यातलं लोह घट्ट होत जातं. सड्यावरचा कातळ असा युगानुयुगं उघडा पडलेला, म्हणून त्याच्या कडा सुरीसारख्या. तोच जांभा बागेतल्या पाणंदीत पालापाचोळ्याखाली, सावलीत मातीसारखा वागतो. तेव्हा वाट निवडताना नकाशावर अंतर बघू नका, झाडी बघा. दोन्हीकडे गडगे (दगडी कुंपणं) आणि वर काजू-आंबा असेल तिथे ४० मिमी पुरे. उघडा सडा असेल तिथे डांबरी घ्या, नाहीतर उतरून चाला. चिरेखाणीकडे जाणारे रस्ते तर धरूच नका. डंपरने दळलेला चुरा वळणावर गोट्यांसारखा सरकतो.

फ्रेममध्ये बसत असेल तर मागे ४५ मिमी घ्या, बाजूची भिंत जाड असलेलं, आणि हवा ३४-३५ पर्यंत उतरवा. वजन थोडं वाढेल, वाढू दे. आतून लावायला जुन्या टायरचा दोन बोटं रुंद तुकडा कापून ठेवा, नोटेपेक्षा तो कितीतरी चांगला धरतो. सीलंट निघायच्या आठवड्यात नवीन भरा, आपल्या उकाड्यात ते लवकर सुकतं.

कुडोपीबद्दल एक कळकळीची विनंती. तिथे कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली जुनी चित्रं, आहेत. कोकणातल्या अशा काही जागा २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्या, पण सड्यावर बऱ्याच ठिकाणी कुंपण नाही, आणि गवतात रेघा दिसत नाहीत. चाक त्यावरून जाऊ देऊ नका. सायकल रस्त्याला लावून पायी जा, सकाळच्या तिरप्या उन्हात चित्रं उठून दिसतात.

— कातळवाट

---

ताई, मी पेडण्याकडची. भट्टी बघायला मिळेल, पण पहाटेच पोचायला हवं. बोंडू गोळा करायचं काम उन्हाच्या आधी चालतं. कोळंबीत, म्हणजे दगडातल्या खोलगट जागेत, बोंडू तुडवून रस काढतात. मग उरलेला चोथा बांधून त्यावर वजन ठेवतात, त्यातून थेंब थेंब निथळतो तो नीरो. तो सकाळीच प्यावा, दुपारपर्यंत आंबायला लागतो. तुडवलेला रस आंबवून पहिल्यांदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. २००९ साली फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं ते गोव्याचं म्हणूनच.

भट्टी म्हणजे कुणाचं तरी घर आणि पोटाचं काम, हे लक्षात असू द्या. आधी हाक मारा, बसा, मग फोटो विचारा. आणि परत येताना बाटली आणू नका, परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणता येत नाही.

बागेतून जाताना बेडं (कुंपणाचं फाटक) उघडलंत तर मागे पुन्हा लावा. गुरं आत शिरली तर शेतकऱ्याची वर्षाची मेहनत जाते. आंब्यावर फवारणी चालू दिसली तर लांबूनच फिरून जा, तोंडाला फडकं बांधून भागत नाही. सहाला सुटा, अकराला सावली धरा. पाण्यात कोकमाचं आगळ आणि मीठ घाला.

— तेरेखोलपल्याड

---

दोघांचेही मनापासून आभार. सावली बघून वाट निवडायची ही गोष्ट मला सुचलीच नव्हती. काल रात्री बसून उपग्रह नकाशावर सगळा मार्ग पुन्हा आखला. पहिल्या दिवसाचे अकरा किलोमीटर वाढले, पण उघडा सडा फक्त कुडोपीला उरलाय आणि तो आम्ही पायी करू. माझ्या फ्रेममध्ये ४५ मिमी बसतं, बहिणीच्या नाही. तिचं मागचं टायर ४० चंच, पण जाड भिंतीचं घेतोय.

आता एकच राहिलं. धामापूरहून परुळ्याला जाताना कर्ली नदी ओलांडायची आहे. मोठा रस्ता सोडून बागांमधून पुलापर्यंत नेणारी पाणंद कुणाला माहीत आहे का? जवळच्या वाडीचं नाव सांगितलंत तरी चालेल, पुढचं विचारत जाऊ.

— आंबोळी