किल्लीचा आवाज: दारू सुटली, मागचं सुटत नाही. तुमचे अनुभव लिहा

अबोली
परवा दाराचं कुलूप बदललं. किल्ली नवी, जिन्यातला दिवा गेलेला, ह्यांना भोक सापडेना. आतून मला नुसती खरखर ऐकू आली आणि पोळी तव्यावरच करपली. नऊ वर्षं झाली, थेंब घेतलेला नाही. तरी दार उघडल्यावर माझी नजर आधी पायांकडे गेली, मग डोळ्यांकडे. ह्यांना कळलं. काही न बोलता जवळ आले आणि तोंडाने श्वास सोडला, पूर्वी मी हुंगायला मागायचे तसा. मला रडूच फुटलं.

मन आधीच हललेलं होतं. गेल्या महिन्यात ह्यांच्या जुन्या ओळखीतला एकजण दारात उभा राहिला. २०१४ चे साठ हजार, हातउसने, चिठ्ठीवर ह्यांची सही. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातून आल्यावर ह्यांनी सगळी यादी माझ्यापुढे ठेवली होती, माझ्या पाटल्या कुठे गेल्या तेसुद्धा. हे एकच गाळलं. आता रात्री डोळा लागत नाही, आणखी काय गाळलं असेल? पैसे फेडू हो. ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी लिहा, फार बरं वाटेल.

सह्यकडा
मी त्या बाजूचा. १२ वर्षं सोबर. ताई, मी बायकोला सावकार सांगितला, गाडी विकली ते सांगितलं. पण तिच्या बाळंतपणाला ठेवलेले पैसे पिऊन 'पाकीट मारलं' म्हणालो होतो, ते चार वर्षं पोटात ठेवलं. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट. त्याच्या बारा पायऱ्यांतल्या आठव्या पायरीत ज्यांना दुखावलं त्यांची यादी, नवव्या पायरीत भरपाई. पण त्याने कुणाला इजा होणार असेल तर नाही, असंही तिथेच लिहिलंय. त्या 'पण'च्या मागे मी लपलो. स्पॉन्सरने, म्हणजे एएतल्या माझ्या जुन्याजाणत्या सोबत्याने, विचारलं, इजा तिला होईल की तुला? त्या रात्री सांगितलं. ती आठ दिवस बोलली नाही. डबा मात्र रोज भरून दिला. तो उघडताना घास उतरायचा नाही.

मीरा_न्यूजर्सी
सह्यकडा, डब्याचं वाचून डोळे भरले. इथे मी अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगला जाते, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असते ती. पहिले दोन महिने मी नवऱ्याबद्दलच बोलत होते. एक आजीबाई म्हणाल्या, आता तुझं सांग. मला सांगताच येईना. (भाजी जळतेय, नंतर येते.)

वर्धेकर
आमच्या जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी. तरी काकांना रोज मिळत होती, कुठून ते अख्ख्या गावाला ठाऊक. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली, २०२१ ला उठली. काकू म्हणायची, बंदी घरात पाहिजे. विषय सोडून लिहिलं बहुतेक, पण काकूची आठवण आली.

शमा
अबोली, कुलपात पेन्सिलीचं शिसं किसून घाल, किल्ली लोण्यासारखी फिरते. तेल घालू नकोस, धूळ धरतं.

निनावी_बायको
नाव लिहीत नाही. सासूबाई आणि मी मिळून ह्यांच्या आमटीत डायसल्फिरामची गोळी (ती अंगात असताना दारू प्यायली की त्रास होतो) कुटून घालत होतो, ह्यांना न सांगता. एका लग्नात ते प्यायले. चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या. ह्यांना वाटलं हार्ट अटॅक. डॉक्टर आम्हालाच रागावले. गोळी बंद केल्यावरही दोनेक आठवडे अंगात असते, जीव जाऊ शकतो, पेशंटला सांगितल्याशिवाय कधीच द्यायची नाही. आता सोबर आहेत, पण आमटी समोर आली की आधी माझ्याकडे बघतात. तुमच्याकडे चिठ्ठी आली ती त्यांची. आमच्याकडे लपवलेलं माझं आहे.

सह्यकडा
वहिनी, हे त्यांना एकदा तुमच्या तोंडून सांगितलंत का?

निनावी_बायको
डॉक्टरांनी सांगितलं. मी नाही.

पारिजात८२
मी मुलगी. बाबा सुटले तेव्हा मी पंधराची. सगळे पेढे वाटत होते आणि मला राग येत होता, की दहावीत आईचा ओठ फुटला ते कुणीच काढत नाही. सोबर माणसाला जुनं काढलं तर परत पिईल, ही भीती घरभर. आई गप्प राहून राहून आजारी पडली. अबोलीताई, तुम्ही गप्प राहू नका. पितील म्हणून तर अजिबात नको.

वर्धेकर
+१. आमच्या काकूचं हेच झालं.

दगडफूल
आमचं नाही टिकलं. तो सुटला, चार वर्षं स्वच्छ, माणूस चांगला. पण मला त्याच्या हाताचा स्पर्श सहन होईना. लोक म्हणाले, आता तर सुधारला. माझा जीव दमला होता, एवढंच. त्याच्या सोबर वाढदिवसाला, म्हणजे दारू सोडली त्या तारखेला, अजून फोन करते.

मीरा_न्यूजर्सी
दगडफूल, मिठी. भाजी गेली, मॅगी केली.

अबोली
सगळ्यांना एकदमच लिहिते, कुकर लावलाय. काल ह्यांना विचारलं, यादीत ते नाव का नव्हतं. बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. मग म्हणाले, त्या पैशांतले चाळीस तुझ्या वडिलांच्या ऑपरेशनला म्हणून मागितले होते. बाबांचं कसलंच ऑपरेशन नव्हतं. बाबा २०१६ ला गेले, आता माफी कुणाची मागायची? मी उठून गॅलरीत गेले. थोड्या वेळाने तेही येऊन शेजारी उभे राहिले, बोलले नाहीत. मुक्तांगणात सहचरीची, म्हणजे पेशंटच्या बायकांच्या गटाची, मीटिंग असते, सहा वर्षांनी परत जाणार आहे. ते म्हणाले, सोडायला येतो. मी हो म्हटलं.

शमा, शिसं घातलं. फिरतेय किल्ली.

शमा
जिन्यातला दिवा पण बदला गं.