मदत हवी आहे: ग्रेनेडाचे खेळाडू

भाचीला शाळेच्या भित्तिपत्रकासाठी ग्रेनेडा या कॅरिबियनमधल्या चिमुकल्या बेट-देशावर लिहायचंय. लोकसंख्या जेमतेम सव्वा लाख, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव! तिथल्या गुयाव्ह या मासेमारीच्या गावातल्या किरानी जेम्सने २०१२ला लंडनमध्ये ४०० मीटर ४३.९४ सेकंदांत जिंकून देशाला पहिलं ऑलिंपिक पदक दिलं, तेही थेट सुवर्ण. पुढे रिओत रौप्य, टोकियोत कांस्य. अँडरसन पीटर्स तर आपल्याला ठाऊकच आहे. २०२२च्या जागतिक स्पर्धेत ९०.५४ मीटर भाला फेकून नीरजला मागे टाकणारा (तेव्हा फार चिडले होते मी). पॅरिसमध्ये त्याला आणि डेकॅथलॉनवाल्या (दहा मैदानी प्रकारांची एकत्र स्पर्धा) लिंडन व्हिक्टरला कांस्य मिळालं.

पण एवढ्याशा बेटावर असे खेळाडू घडतात कसे? तिथल्या शालेय स्पर्धांबद्दल मराठीत कुठे वाचायला मिळेल? सोमवारी द्यायचंय, जरा लवकर सांगा.