मदत हवी आहे: जुनी टूरिंग बाईक घेऊ का, आणि बॉक्स कोणते?

नमस्कार मंडळी. लांबच्या प्रवासासाठी एक सेकंडहँड टूरिंग बाईक बघून आलो. इंजिनाचा आवाज स्वच्छ, चेनही ठीक. मागच्या टायरवर २३१८ छापलंय, म्हणजे २०१८ च्या २३ व्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक आहे, पण कडेला बारीक भेगा दिसतात. तो बदलणारच.

खरी धास्ती पुढच्या फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या, धक्के शोषणाऱ्या दोन नळ्यांची. उजव्या नळीवर बोट फिरवलं तर तेलाचा ओशट थर लागला. नुसतं तेल अडवणारं सील गेलंय की नळीच वाकलीय, हे फोर्क न खोलता कसं ओळखायचं?

दुसरं, मागे बायको बसणार. सामानासाठी दोन्ही बाजूंना लागणारे साईड बॉक्स घ्यावेत की सीटमागे वर बसणारा टॉप बॉक्स? टॉप बॉक्सचं वजन उंच आणि पार मागे जातं, त्याने हँडल हलकं पडेल अशी भीती वाटते. जोडीने फिरणाऱ्यांनी अनुभव जरूर सांगा.