मास्तर राजकारणात गेले तेव्हा: मराठवाड्यातले समाजवादी गुरुजी, तुमचे अनुभव सांगा

बालाघाटी
मराठवाड्यात एक पिढी अशी होऊन गेली की दिवसा शाळेत गणित नाहीतर इतिहास शिकवायची आणि संध्याकाळी राष्ट्र सेवा दलाची शाखा नाहीतर समाजवाद्यांची सभा. त्यातले काही पुढं निवडणुकीला उभे राहिले, थोडे निवडून आले, बरेच पडले. मोठ्या लोकांचं आपल्याला माहितीच आहे. स्वामी रामानंद तीर्थ आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत, मग अंबाजोगाईला म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला मुख्याध्यापक, तिथून निजामाविरुद्धचा 1938 चा सत्याग्रह आणि पुढं 1957 ला औरंगाबादचे खासदार. ते काँग्रेसचे, पण काँग्रेसमधल्या डाव्या बाजूचे. गोविंदभाई श्रॉफ गणिताचे शिक्षक, नोकरी सोडून चळवळीत आले ते निवडणुकीच्या फंदात फारसे पडलेच नाहीत. निजामाच्या राज्यात गश्ती निशान 53 ह्या सरकारी फतव्यामुळं साधी सभा घ्यायची तरी परवानगी लागायची, मग कार्यकर्ता तयार होणार कुठं, शाळेतच की. आपल्याकडं मास्तर आणि पुढारी एकाच माणसात सापडायचे त्याचं मूळ मला तिथं दिसतं.

पण इथं मोठी नावं नकोत. तुमच्या गावातला, तालुक्यातला, घरातला असा मास्तर असेल तर त्याचं सांगा. कसा उभा राहिला, कोणी पाडला, शाळेचं काय झालं. नाव टाकू नका, घरचे लोक वाचत असतात.

माजलगावची लेक
माझे आजोबा. खाजगी संस्थेत गणित शिकवायचे आणि जितक्यांदा उभे राहिले तितक्यांदा पडले, पण एकदा डिपॉझिट वाचलं होतं हे मरेपर्यंत सांगायचे 😀

आजीचं खरं दुखणं हरण्याचं नव्हतंच, चिन्हाचं होतं. प्रजा समाजवादीत म्हणजे पीएसपीत होते तव्हा झोपडी. मग पक्ष फुटला, हे संयुक्त समाजवादीमधी गेले, तिथं वडाचं झाड. 77 ला सगळे जनता पक्षात, तर नांगरधारी शेतकरी. त्यानंतर जनता दल आलं, त्याचं चक्र. मधी आणखी एकदा जोडाजोडी झाली ती वेगळीच. आजी बाजारात बायकांना सांगायला लागली की झोपडीवर शिक्का मारा तर बायका म्हणायच्या अगं मागच्या बारीला तर झाड म्हन्ली होतीस. समोर काँग्रेसवाल्यांचं पण चिन्ह बदललं, बैलजोडीचं गायवासरू झालं मग पंजा, पण त्यांच्याकडं गाड्या होत्या, कारखाना होता, गावोगाव सांगणारी माणसं होती. आजोबांकडं फळा. खरंच, प्रचाराला बैलगाडीत शाळेतला जुना फळा टाकून न्यायचे, त्याच्यावर खडूनं चिन्ह काढायचे आणि पोरांना समजवावं तसं मतदारांना समजवायचे. भाषणात मधेच प्रश्न विचारायचे, जमिनीच्या सिलिंगचा कायदा म्हणजे काय सांग रे, आणि समोर बसलेला चाळीस वर्षाचा बाप्या धोतर सावरत उभं राहून उत्तर द्यायचा कारण पाचवीत असताना मार खाल्लेला. लोकांना मज्जा वाटायची. मत मात्र देत नव्हते. आजोबांना मत देऊन विहिरीचं कर्ज मंजूर होणार नाही हे त्यांनाबी ठाऊक होतं, त्यात त्यांची काही चूक आहे असं मला वाटत नाही.

मन्याडकाठ
समाजवादी म्हणलं की लोकं पीएसपी पकडतात आणि शेकापला म्हणजे शेतकरी कामगार पक्षाला सोडून देतात, हे बरोबर नाही. आमच्या कंधारला केशवराव धोंडगे. शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी, म्हणजे नावातच मोफत, तिच्या शाळा निघाल्या तव्हा आमच्या वाड्या-तांड्यावरची पोरं सातवीच्या पुढं गेली. माझे वडील त्यातलेच, नाहीतर ढोरं राखत बसले असते. निवडणुकीत ह्या शाळांचा फायदा झाला का, तर झाला, उगं नाही कशाला म्हणा. पण त्यात फक्त लाचारी नव्हती, उपकाराची जाण पण होती.

आणि 77 चं लोकसभेचं बघा. मराठवाड्याच्या 8 जागा. नांदेड धोंडगे, परभणी शेषराव देशमुख, लातूर उद्धवराव पाटील, तिन्ही शेकाप. बीड गंगाधरअप्पा बुरांडे, मार्क्सवादी. औरंगाबाद बापू काळदाते, जालना पुंडलिक हरी दानवे आणि हिंगोली चंद्रकांत पाटील, जनता पक्ष. काँग्रेसला एक उस्मानाबाद राहिलं. आजच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं.

रिटायर मास्तर, परभणी
मी प्राथमिक शिक्षक, झेडपीचा. आम्हाला नोकरीत राहून उभं राहता येत नाही, राजीनामा द्यावा लागतो, हे खाजगी संस्थेवाल्यांच्या लक्षात येत नाही. आमच्यातल्या एकानं दिला. 77-78 चा सरकारी कर्मचाऱ्यांचा आणि शिक्षकांचा 54 दिवसाचा संप झाला त्यात हा पुढं होता, पगार नाही, घरात ज्वारी नाही, तरी रोज सायकलवर शाळाशाळा फिरून लोकांना धरून ठेवायचा. त्या जोरावर पुढं राजीनामा देऊन जिल्हा परिषदेला निवडून आला आणि शिक्षण सभापती झाला.

मग जे झालं ते सांगतो. सगळ्या मास्तरांना वाटलं आता आपला माणूस बसला, बदल्या आपल्या हातात. दारात रांग. बायको एका टोकाला नवरा दुसऱ्या टोकाला, आईला दिसत नाही, एसटी जात नाही, सगळी कारणं खरी असायची बरं का. त्यानं ठरवलं की अवघड गावात जास्त वर्षं काढलेल्याची बदली आधी, बाकी कोणाचीच चिठ्ठी चालणार नाही. मोंढ्यातल्या पुढाऱ्याची नाही आणि संपातल्या जोडीदाराची बी नाही. पुढच्या निवडणुकीत त्याच्या विरोधात सगळ्यात जोरात कोण फिरलं असंल? आम्हीच की, मास्तर लोक. मी फिरलो नाही पण थांबवलं बी नाही कोणाला. पडल्यावर त्यानं शिकवण्या घेतल्या, नोकरी तर गेलेलीच होती.

वस्तीवरचा
वरच्या सगळ्या गोष्टी गोड गोड चालल्यात म्हणून लिहितो. 27 जुलै 1978 ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मग मराठवाड्यात काय झालं ते सगळ्यांना माहिती आहे, घरं जळाली, माणसं मारली. आमच्या गावात एक समाजवादी सर होते, वरच्या जातीचे, त्यांच्या सभेला आमची अख्खी वस्ती जायची. जाळपोळीनंतर दुसऱ्या दिवशी ते दोन शिक्षकांना घेऊन वस्तीत आले, पीठ-मीठ आणलं, रात्री शाळेच्या व्हरांड्यात आमच्यासोबत झोपले. त्यानंतर गावानं त्यांना किराणा देणं बंद केलं, त्यांची दाढी करायला कोणी तयार नव्हतं. ते राजकारणातून संपले ते तिथंच.

पण हे सुद्धा लिहा की समाजवादी म्हणवणारे सगळे असे वागले नाहीत. गोविंदभाई, 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंतराव भालेराव, एवढी मोठी माणसं, निजामाशी लढलेली, ती नामांतराच्या विरोधात उभी राहिली. मराठवाड्याची अस्मिता वगैरे कारणं होती, मी वाचलीत, मला पटली नाहीत. 1994 ला 14 जानेवारीला नामविस्तार झाला, म्हणजे जुनं नाव ठेवून बाबासाहेबांचं जोडलं, तोवर आमचे सर थकले होते. वस्तीतून हार घेऊन गेलो तर म्हणले मला कशाला, तुम्ही मिळवलंय.

उदगीरकर
आमच्याकडचे सर पण समाजवादी होते. आमदार झाले, संस्था काढली, आता नातू बघतो. शिपायाच्या जागेचा सुद्धा रेट आहे. बस एवढंच.

बालाघाटी
@वस्तीवरचा, हे आलं ते बरं झालं. @रिटायर मास्तर, प्राथमिकवाल्यांना विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात मत पण नाही ना?

रिटायर मास्तर, परभणी
नाही. माध्यमिक आणि त्याच्या वरचे, ते बी सहा वर्षात तीन वर्ष शिकवलेलं पाहिजे. विधान परिषदेत शिक्षकांचे 7 आमदार आहेत, त्यांना निवडायला पहिली ते चौथी शिकवणारा चालत नाही. जनगणनेला चालतो, इलेक्शन ड्युटीला चालतो.

मन्याडकाठ
@माजलगावची लेक, आजोबांकडं निवडणुकीला पैसा कुठून यायचा?

माजलगावची लेक
वर्गणी. शिक्षकांचा एक दिवसाचा पगार, शेतकऱ्यांकडून ज्वारी, ती मोंढ्यात विकायची. बाकीचं कर्ज. छापखानेवाला त्यांचाच विद्यार्थी होता, त्यानं पत्रकांचं बिल एक रुपया पण सोडलं नाही. आजोबा दर पगाराला हप्ता देऊन यायचे, वर त्याच्या पोराची शिकवणी फुकट घ्यायचे, आजी ह्या दुसऱ्या गोष्टीवरून जास्त भांडायची.