पाहुण्यांच्या आवडीनुसार आखलेली खासगी सहल : बेळगाव-खानापूर-निपाणी परिसरातील आपले अनुभव लिहा

मी टिळकवाडीत राहतो आणि बाहेरगावाहून येणाऱ्या एकेका कुटुंबासाठी मार्गदर्शकासह खासगी सहल आखून देण्याचे काम करतो. बेळगाव, खानापूर, बैलहोंगल, चिक्कोडी, निपाणी या भागांत हे काम करणारे आता बरेच आहेत आणि अशी सहल करून गेलेलेही पुष्कळ आहेत. पाहुण्यांची खरी आवड ओळखायची कशी आणि तिच्यासाठी मार्गातले काय सोडायचे, याविषयी प्रत्येकाने स्वतःचा अनुभव लिहावा, अशी विनंती आहे.

सुरुवात माझ्यापासून करतो. मुंबईच्या एका दांपत्याने फोनवर एवढेच सांगितले होते की, त्यांना इतिहासात रस आहे. तेवढ्यावर विसंबून मी दोन दिवसांत किल्ला, त्यातील १२०४ च्या सुमाराची कमल बस्ती, कित्तूरचा पडका वाडा, तेथील राणी चन्नम्मांची बैलहोंगलमधील समाधी आणि गोकाकचा धबधबा असा भरगच्च कार्यक्रम आखला. दुसऱ्या रात्री जेवताना त्या बाईंनी सहज सांगितले की, १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा त्यांचे आजोबा तेथे स्वयंसेवक होते. त्या अधिवेशनासाठी खणलेल्या काँग्रेस विहिरीवरून आमची गाडी दोन दिवसांत चार वेळा गेली होती आणि एकदाही थांबली नव्हती. तिसऱ्या दिवशी गोव्याकडे निघण्यापूर्वी सकाळी सहा वाजता मी त्यांना तेथे घेऊन गेलो. त्या अधिवेशनात लहानग्या गंगूबाई हनगल यांनी स्वागतगीत गायले होते, हे मी सांगत असताना त्या बाई विहिरीच्या कठड्यावर हात ठेवून उभ्या होत्या आणि त्यांना तेथून निघवत नव्हते. वेळ मात्र वीस मिनिटांचाच उरला होता, याची रुखरुख मला आजही वाटते. तेव्हापासून किती दिवस आणि किती खर्च हे विचारण्याआधी मी विचारतो की, आपल्या घरातील कोणाचा या मुलखाशी कधी संबंध आला होता का.

खानापूर, निवृत्त शिक्षक

मी हलशी आणि देगाव येथील मंदिरे दाखवण्यासाठी पाहुण्यांबरोबर जातो. माझा आग्रह असा असतो की, ज्यांना मंदिरस्थापत्याची आवड आहे, त्यांच्या त्या दिवसात या दोन स्थळांखेरीज दुसरे काही घालू नये. सहल आखणाऱ्यांना ते पटायला वेळ लागतो, कारण कागदावर दोनच नावे असलेला दिवस रिकामा दिसतो.

गेल्या हिवाळ्यात वास्तुरचनेचे शिक्षण घेणाऱ्या दोन मुली आल्या होत्या. हलशी म्हणजे कदंब राजघराण्याच्या काळातील पलाशिका नगरी. तेथील भूवराह नरसिंह मंदिरात दोन गर्भगृहे समोरासमोर आहेत, त्यामुळे मधल्या मंडपात उभे राहिले की एका देवाकडे तोंड करताच दुसऱ्याकडे पाठ होते. मी हे आधी सांगितले नाही, त्यांना मंडपात आणून नुसता थांबलो. थोड्या वेळाने त्यांतील एक मुलगी जागच्या जागी हळूहळू फिरू लागली आणि मग तिने वही काढली. त्या दोघींनी तेथे तीन तास खांबांची मापे घेतली. दुपारनंतर आम्ही देगावचे कमलनारायण मंदिर पाहिले. ते बाराव्या शतकात कदंब राणी कमलादेवी हिने बांधवले आणि त्याच्या स्थपतीचे नाव तिप्पोज असे नोंदलेले आहे. एवढ्या जुन्या कामाच्या कारागिराचे नाव कळते, ही गोष्ट त्या मुलींना सर्वांत मोलाची वाटली. वाटेत नंदगडला, इंग्रजांशी लढलेले राणी चन्नम्मांचे सेनानी संगोळ्ळी रायण्णा यांच्या समाधीपाशी आम्ही थांबलो, ते मात्र मी सर्वांसाठीच करतो. १८३१ मध्ये ज्या गावी त्यांना फाशी दिले, त्या गावातून गाडी न थांबवता जाणे मला बरोबर वाटत नाही.

एक व्यावहारिक सूचना आहे. पूजेच्या वेळा आदल्या दिवशी पुजाऱ्यांना विचारून घ्याव्यात. गर्भगृहाचे दार बंद असताना पोहोचलेल्या पाहुण्याला अर्धेच मंदिर दिसते.

शहापूर, गृहिणी

आमच्याकडे पाहुणे मांडे पाहायला येतात, म्हणून लिहिते. आमच्या सासूबाईंच्या हाताखाली मी मांडे शिकले. कणीक इतकी सैल आणि तलम व्हावी लागते की, लाटलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत वाढवता आली पाहिजे. मग ती चुलीवर पालथ्या घातलेल्या तापलेल्या खापरावर अलगद पसरायची, आत पिठीसाखर, खसखस आणि वेलचीचे सारण असते, आणि गरम असतानाच घडी घालायची. क्षणभर उशीर झाला तरी घडीवर तडकतो.

पहिल्या वर्षी एका मार्गदर्शकाने आम्हाला न विचारता अकरा माणसे आणली. स्वयंपाकघरात उभे राहायला जागा नव्हती, मागची मंडळी कंटाळून बाहेर गेली आणि आमच्या वहिनींना आपण एखाद्या प्रदर्शनात बसलो आहोत असे वाटले. त्यानंतर आम्ही काही गोष्टी ठरवून घेतल्या. चारापेक्षा जास्त माणसे नकोत, घरात सण किंवा कार्य असेल त्या दिवशी कोणी येऊ नये, माणसाचा फोटो विचारून काढावा, आणि केलेला मांडा बसून, दुधाबरोबर, सावकाश खावा. मोबदलाही आधी ठरलेला असावा. जाताना कोणी संकोचाने हातात पाकीट ठेवले की देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही अवघड होते. आता येणारी मंडळी खरोखर शिकायला येतात. मागे नागपूरच्या एक आजी आल्या होत्या, त्यांनी स्वतःच्या पुरणाच्या मांड्यांची रीत आम्हाला दाखवली आणि त्या दिवशी आमच्या चुलीवर दोन्ही प्रकार झाले.

पुणे, प्रवासी

माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. आम्ही खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर पाहायला निघालो होतो. वडिलांनी तेथे शिवाच्या मंदिरात नंदी का नाही, असे विचारले. आमच्या मार्गदर्शकांनी सांगितले की, लोकांच्या समजुतीप्रमाणे कोपेश्वराचा नंदी कर्नाटकात, यडूरला आहे. वडील म्हणाले, मग तोही पाहायलाच हवा. ठरलेल्या कार्यक्रमात ते नव्हते. पण त्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशीचे खरेदीचे दोन तास कमी करून सकाळी आम्हाला यडूरला नेले आणि गाडी कोठपर्यंत जाते, पायऱ्या किती चढाव्या लागतील, हे गावातील ओळखीच्या माणसाला रात्रीच विचारून ठेवले. एक देव महाराष्ट्रात आणि त्याचा नंदी कर्नाटकात, हे वडिलांनी घरी आल्यावर भेटेल त्याला सांगितले.

जांबोटी, निसर्ग मार्गदर्शक

भीमगड अभयारण्याच्या परिसरातील बारापेडे गुहांत राटन्स फ्री-टेल्ड नावाचे अत्यंत दुर्मिळ वटवाघूळ राहते, हे वाचून काही पाहुणे तेथेच नेण्याचा आग्रह धरतात. मी नकार देतो. वनखात्याच्या परवानगीचा प्रश्न तर आहेच, पण माणसांच्या वावराने आणि विजेरीच्या उजेडाने त्या वसाहतीला त्रास होतो, हे मुख्य कारण आहे. नकारानंतर पाहुण्याला रिकाम्या हाती पाठवू नये, एवढे मी पाळतो. जुलैत कणकुंबीच्या बाजूला पाणवठ्यावर झुकलेल्या पानांवर मलबार ग्लायडिंग फ्रॉग या बेडकाची फेसाची घरटी लोंबत असतात. त्याखाली तासभर गप्प बसण्याची ज्याची तयारी असते, त्याला निसर्गाची आवड आहे असे मी समजतो.

निपाणी, वाहनचालक

माझे म्हणणे थोडक्यात आहे. सहल आखतानाच राज्याची हद्द ओलांडायची आहे का, ते चालकाला सांगावे, म्हणजे परमिट असलेली पिवळ्या पाटीची गाडीच ठरवता येते. नाक्यावर पाहुण्यांना ताटकळत ठेवणे शोभत नाही.

दुसरे असे की, कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जे भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात आपला बेळगाव जिल्हाही आहे. चपलांची आवड असणाऱ्यांना मी अथणीकडे कारागिरांच्या घरी पहिल्याच दिवशी नेतो, कारण माप देऊन हाताने शिवलेला जोड लगेच मिळत नाही. मागच्या खेपेला एका पाहुण्यांनी वर्तमानपत्राच्या कागदावर पाय ठेवले, कारागीर मामांनी पेन्सिलीने कड काढली आणि कागदाकडे पाहून विचारले, "दादा, तुमचा डावा पाय थोडा मोठा आहे, आजवर कोणी सांगितलं नाही का?" पाहुणे पन्नाशीचे होते आणि डाव्या पायाचा अंगठा दुखतो म्हणून नेहमी एक नंबर मोठा बूट घेत होते. चौथ्या दिवशी आम्ही परत गेलो, तेव्हा डाव्या चपलेचा तळ उजव्यापेक्षा गव्हाएवढा लांब कापलेला होता.