ठाण्यात अफगाण चित्रपट आणि रबाबाची संध्याकाळ: तयारी कशी करावी?

कोपरीकर
ठाण्यात आमचा छोटा फिल्म क्लब आहे. २१ मार्चला नवरोजच्या निमित्ताने एक अफगाण चित्रपट, मग पाऊण तास रबाब आणि थोडं खाणं असा बेत ठरतोय. पुण्यात शिकणारे काही अफगाण विद्यार्थी सोबत आहेत, त्यातला एक रबाब वाजवतो. हॉल १२० खुर्च्यांचा, एसी आहे. चित्रपट कोणता घ्यावा, परवानग्या कुठल्या, मराठी सबटायटल्स जमतील का, वाद्यासाठी काय सोय लागते? शिवाय 'सगळ्यांनी पठाणी घालून नाचू' अशी सूचना आली आहे. ती मला पटत नाही, पण त्याऐवजी काय करावं तेही सुचत नाही.

पडद्यामागे
सिद्दिक बरमक यांचा 'ओसामा' (२००३) सगळ्यांना आठवतो, त्याला गोल्डन ग्लोबही मिळाला. चित्रपट मोठाच आहे, पण तो संपल्यावर सणाचं खाणं कोणाच्या घशाखाली उतरणार नाही. त्यापेक्षा शहरबानू सादात यांचा 'द ऑर्फनेज' (२०१९) घ्या. ऐंशीच्या दशकाअखेरचं काबूल, सिनेमाची तिकिटं ब्लॅकने विकणारा मुलगा, आणि त्याची स्वप्नं थेट हिंदी सिनेमातल्या गाण्यांसारखी. ठाण्याच्या प्रेक्षकाला वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

परवानग्या दोन. एक हक्कधारकाची: निर्माता किंवा विक्री एजंटला लिहा, तारीख, ठिकाण, खुर्च्या, तिकीट आहे की नाही, सगळं कळवा आणि होकार लेखी घ्या. ओटीटीचं सबस्क्रिप्शन किंवा विकत घेतलेली डिस्क असली तरी हॉलमध्ये दाखवायचा हक्क मिळत नाही. शुल्क मागितलं तर घासाघीस करू नका. २०२१ नंतर बरेच अफगाण चित्रकर्मी देशाबाहेर राहून काम करताहेत, तो पैसा त्यांच्या पुढच्या कामाला लागतो. दुसरी सरकारी: सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसलेला परदेशी चित्रपट जाहीरपणे दाखवायचा तर माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट लागते. याला वेळ जातो, म्हणून अर्ज आधी आणि हॉलचं ॲडव्हान्स नंतर.

मराठी सबटायटल्स हक्कधारकाला विचारूनच करा. इंग्रजी एसआरटी फाइल (सबटायटल्सची मजकूर-फाइल) मागवा, पण भाषांतर करताना दरी, म्हणजे अफगाणिस्तानातली फारसी, बोलणारा विद्यार्थी शेजारी हवा. दरीत तू आणि तुम्ही वेगळे आहेत, इंग्रजीत तो फरक पुसला जातो. एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण ३५ अक्षरं. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, नाहीतर पडद्यावर नुसते चौकोन दिसतील. प्लेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, म्हणून परवानगी असेल तर अक्षरं चित्रावरच पक्की करून घ्या आणि त्याच हॉलच्या लॅपटॉपवर पूर्ण चालवून बघा. हॉलची जमीन सपाट असेल तर पडद्याची खालची कड चार फुटांवर ठेवा, नाहीतर मागच्यांना अक्षरांऐवजी पुढच्यांची डोकी दिसतील.

तरफ
रबाबाबद्दल. तुतीच्या लाकडाचं कोरलेलं खोड, त्यावर बकरीचं कातडं, तीन मुख्य तारा आणि खाली पंधराच्या आसपास तरफा, म्हणजे न छेडता आपोआप घुमणाऱ्या तारा. घुडच (तारा पेलणारी पट्टी) थेट कातड्यावर उभी असते, गडबड तिथेच होते. आपल्याकडच्या दमट हवेत कातडं सैल पडतं, घुडच खाली बसते, तारा वाद्याच्या दांडीवरच्या पडद्यांना लागून खरखरतात आणि आवाज बोदा येतो. मग एसी जोरात लावला की कातडं ताणतं आणि सगळे सूर चढतात. म्हणून हॉलचा एसी दोन तास आधी, कार्यक्रमात ठेवणार त्याच तापमानाला सुरू करा आणि वाद्य तेव्हापासून हॉलमध्येच असू द्या. एसीच्या झोताखाली नको, गाडीच्या डिकीत तर नकोच. चित्रपट चालू असताना तरफा लावायला शांत खोली द्या, पण तीही तेवढीच थंड हवी.

माइक एकच कंडेन्सर, कातड्यापासून फूटभर, किंचित तिरका. मॉनिटर (वादकाला स्वतःचं ऐकू येण्यासाठीचा स्पीकर) समोर ठेवलात तर कातडं आणि तरफा दोन्ही घुमायला लागतात, फीडबॅक येतो. तो बाजूला ठेवा आणि शंभर हर्ट्झच्या खालचं कापा. तबलजी इथलाच चालेल, फक्त वादकाचा सा आधी विचारून त्या पट्टीचा तबला आणायला सांगा.

निवेदनात एक गोष्ट जरूर सांगा. १८६० च्या दशकात अमीर शेर अली खान यांनी हिंदुस्थानातले कलावंत काबूलच्या दरबारी नेले. त्यांची घराणी काबूलच्या 'खराबात' या मोहल्ल्यात रुजली. अफगाण गायक उस्ताद सराहंग तर पतियाळा घराण्यात शिकले. आपल्या श्रोत्यांना राग ओळखीचा वाटेल, तो त्यामुळेच.

वाशीची_मृण्मयी
खाण्यात हफ्त मेवा, म्हणजे पाण्यात भिजवलेला सात प्रकारचा सुकामेवा, ठेवा. नवरोजचा खास पदार्थ, आणि गॅस लागत नाही. सुकामेवा वाशीच्या एपीएमसी मसाला मार्केटमध्ये घ्या. १२० वाट्यांसाठी हिरवे मनुके, काळे मनुके, जर्दाळू, बदाम प्रत्येकी दीड किलो, अक्रोड, पिस्ते, सिंजद (एक सुकं फळ) प्रत्येकी पाऊण किलो. सिंजद मिळालं नाही तर आलुबुखारा घाला.

बदाम, अक्रोड, पिस्ते वेगवेगळे गरम पाण्यात भिजवून सोला. अक्रोडाचं पाणी फेकून द्या, नाहीतर सगळं काळं आणि तुरट होतं. मनुके उकळून गार केलेल्या पाण्यात, वर तीन बोटं पाणी राहील असे भिजवा. जर्दाळू शेवटच्या आठ-दहा तासांतच घाला, आधी घातले तर विरघळतात. साखर अजिबात नको, मनुक्यांचाच गोडवा उतरतो. दीड-दोन दिवस फ्रिजमध्येच. मार्चच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलंत तर दुसऱ्या दिवशी फेस येऊन आंबतं.

रमजान त्याच सुमाराला येतोय का, तेवढं बघा. येत असेल तर सूर्यास्त पावणेसातच्या आसपास, कार्यक्रम साडेसातला ठेवा.

कोपरीकर
सगळ्यांचे आभार. नाचाचं काय करू?

पडद्यामागे
अत्तन हा मुळात पश्तूनांचा गोलातला नाच आहे. तुमच्या गटात हजारा, ताजिक, उझबेक मुलंही असतील, त्यांना काय सादर करायचंय ते आधी विचारा. हजारा मुलाला कदाचित दंबुरा वाजवायचा असेल. अत्तन ठरलाच तर ढोल सांगा, वीस फूट मोकळी जागा ठेवा आणि पुढे ती अफगाण मुलंच राहू देत. लय हळूहळू चढते, आपण बाहेरच्या कड्यात स्वतःच्या रोजच्या कपड्यांत सामील व्हायचं. पोस्टरवर झेंडा नको, कुठला छापायचा यावर त्यांच्यातच वाद होईल. आणि फोटो, व्हिडिओ, नावं टाकण्याआधी प्रत्येकाला एकेकट्याला विचारा, विशेषतः मुलींना. गाताना-नाचताना दिसल्यामुळे घरच्यांना तिकडे त्रास होऊ शकतो. कोणी नको म्हटलं तर कारण विचारू नका.